देवगडच्या निळ्या लाटा, युरियाची गोणी आणि समुद्रावरचा अमोनिया

सड्यावरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या डिसेंबरात एका रात्री आम्ही चौघीजणी देवगडच्या किनाऱ्यावर गेलो होतो. लाट फुटली की तिच्या माथ्यावर निळी रेघ पेटत होती. ओल्या वाळूवर पाय घासला की पावलाभोवती ठिणग्या उठायच्या. आमच्या शेजारच्या वहिनी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे सगळं खताचं पाणी. अमोनियाचा वास येतोय बघ."

वास येत होता हे खरं. पण तो अमोनियाचा होता का? मी बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, तरी तिथे उभं राहून मला ठाम उत्तर देता आलं नाही. समुद्र हवेला अमोनिया देतो की हवेतला ओढून घेतो, हा प्रश्नच मी कधी स्वतःला विचारला नव्हता. त्यानंतर चार-पाच महिने जमेल तसं वाचत गेले. त्यातलं जे पक्कं समजलं ते इथे मांडते.

आधी घरातली गोष्ट. पूर्वी दारात कल्हईवाला यायचा ते आठवतं का? तापलेल्या पातेल्यात तो नवसागराची चिमूट टाकायचा आणि पांढराशुभ्र धूर उठायचा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तो डबीत असताना त्याला उग्र वास नसतो. पण त्यात ओला चुना मिसळून चोळा, नाकात झिणझिण्या येतात. चुना आम्लारी, म्हणून अमोनियमचा अमोनिया होतो आणि वायू बनून सुटतो. समुद्रातही हेच चालतं, फक्त फार सौम्यपणे. समुद्राचं पाणी किंचित आम्लारी आहे, पीएच साधारण ८.१ (सातच्या वर आम्लारी, खाली आम्ल). त्यामुळे पाण्यात विरघळलेल्या एकूण अमोनियापैकी बराचसा भाग विद्युतभारित अमोनियम म्हणून अडकून राहतो आणि थोडासा मोकळा अमोनिया असतो. हवेत जाऊ शकतो तो एवढाच मोकळा भाग.

हा मोकळा भाग किती, ते पाण्याच्या तापमानावर ठरतं. मी वहीत हिशोब मांडला. पीएच ८.१ धरला, तर २८ अंशांच्या पाण्यात मोकळा भाग सुमारे सहा टक्के येतो आणि ५ अंशांच्या पाण्यात सव्वा टक्का. शिवाय गार पाणी वायूला घट्ट धरून ठेवतं. त्याच दोन तापमानांमध्ये विद्राव्यतेतच तिपटीचा फरक पडतो. दोन्ही गोष्टी गुणल्या की पाण्यात अमोनिया तेवढाच असूनही उष्ण समुद्राचा हवेकडे रेटा गार समुद्राच्या पंधराएक पट होतो. हे उत्तर आलं तेव्हा मी पेन खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून आकडे तपासले.

आता दुसरी बाजू. हवेतही अमोनिया असतो आणि तोही पाण्यात उतरू बघतो. पाण्याचा रेटा जास्त असेल तर समुद्र देतो, हवेचा जास्त असेल तर घेतो. दोन्ही बरोबरीत आले की देवाणघेवाण थांबल्यासारखी दिसते. माझं उदाहरण पुढे नेते. लिटरमागे ०.२ मायक्रोमोल अमोनियम असलेलं २८ अंशांचं पाणी घेतलं, तर हा समतोल हवेच्या घनमीटरमागे सुमारे ०.१६ मायक्रोग्रॅमला येतो. हवेत याहून कमी असेल तर समुद्र दाता, जास्त असेल तर घेता. गंगेच्या मैदानातल्या हवेत हाच आकडा दहा मायक्रोग्रॅमच्या घरात असतो, दिल्लीच्या आसपास तर कित्येक दहा मायक्रोग्रॅम. उपग्रहांनी टिपलेल्या जगाच्या अमोनिया-नकाशात तो पट्टा सगळ्यात ठळक दिसतो. हिवाळ्यात वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. तेव्हा आपल्या किनाऱ्यालगतचा समुद्र घेणारा असणार, आणि जूनपासून नैर्ऋत्येचे स्वच्छ वारे सुरू झाले की चित्र पालटणार. एकच समुद्र, पण ऋतू बदलला की हातही बदलतो. मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे.

निळ्या लाटांबद्दलही सांगते. तो उजेड बहुधा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचा. एकपेशीय असूनही हा साबुदाण्याच्या बारीक कण्यांएवढा, नुसत्या डोळ्यांना दिसतो. पेशीत मोठी पोकळी असते आणि तिच्यात तो अमोनियम साठवतो, कारण त्यामुळे अंग हलकं होऊन तरंगता येतं. असे कोट्यवधी जीव एका जागी जमले, मेले आणि फुटले की तेवढ्या पाण्यात अमोनियम एकदम वाढतं, मासेही मरू शकतात. म्हणजे वहिनी अगदीच चुकीच्या नव्हत्या. पण वासाच्या बाबतीत मी अजून ठाम आहे. माणसाच्या नाकाला अमोनिया कळायला हवेच्या दहा लाख रेणूंमागे त्याचे काही रेणू तरी लागतात, आणि मोकळ्या समुद्रावर अब्ज रेणूंमागे एकसुद्धा नसतो. त्या रात्रीचा वास दुसऱ्याच कशाचा तरी होता.

तुमच्यापैकी कोणी मासेमारीत, शेतीत, समुद्रविज्ञानात असेल तर जरूर लिहा. चुकलं असेल तर दुरुस्त करा.

---

मचवा

ताई, झकास लिवलास. आमच्या हयसर मोरी (शार्क मासो) कापली की पयलो तोच नवसागराचो वास येता. आये म्हणता, मोरी ताजी आसतानाच खावची, दुसऱ्या दिवसाक हात लावूचो नाय. पाकटाचाही तसाच. पण बांगड्याक, सुरमयेक तो वास कधी येना नाय. ह्या कशामुळे?

---

सड्यावरची

मचवा, तुमच्या आईचं बरोबर आहे. मोरी, मुशी, पाकट या कुर्च्यांच्या माशांच्या रक्तात आणि मांसात युरिया भरलेला असतो. खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी बाहेर खेचलं जाऊ नये म्हणून त्यांनी केलेली ती सोय. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. म्हणून मोरी लगेच साफ करून धुवायची, बर्फात ठेवायची आणि वेळ लावायचा नाही.

बांगड्याला शिळेपणी येणारा वास ट्रायमिथिलअमाइनचा. तो अमोनियाचा चुलतभाऊच. असे चुलतभाऊ समुद्रातून हवेतही जातात. १९९४ साली 'डिस्कव्हरी' हे ब्रिटिश संशोधन जहाज अरबी समुद्राच्या वायव्य भागात फिरलं, तेव्हा अमोनियाच्या बरोबरीने ही मिथिलअमाइनंही मोजली होती, पाण्यात, हवेत आणि हवेतल्या कणांतही. आपल्या समुद्रावरच्या अमोनियाबद्दल मी वाचलेल्या कामांपैकी मला सगळ्यात आवडलेलं ते हेच.

आणि मोकळ्या किनाऱ्यावर ज्याला आपण 'समुद्राचा वास' म्हणतो, तो मुख्यतः डायमिथिल सल्फाइडचा. तो शेवाळ आणि प्लवकांपासून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून) येतो.

---

वाफसा

धागा वाचून राहवलं नाही. मी भातशेती करतो, थोडा ऊसही आहे. तुम्ही हवेतल्या अमोनियाचं लिहिलंत, तो कुठून जातो ते रोज डोळ्यांसमोर बघतो म्हणून सांगतो.

युरियाची गोणी आता ४५ किलोची येते, २०१८ पर्यंत ५० ची होती. त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे गोणीमागे साधारण २०.७ किलो. ओल्या जमिनीवर भर उन्हात नुसता वरून फेकला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बांधावर उभं राहिलं तरी नाकाला कळतं. नीट टाकला तरी दहा-पंधरा टक्के नत्र उडून जातं, आणि असा फेकला तर त्याहून बरंच जास्त. गोणीमागे दोन-तीन किलो नत्र वाऱ्यावर सोडायचं आणि पुन्हा दुकानात रांगेत उभं राहायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निंबोळी लावलेला युरिया २०१५ पासून सगळीकडे आला. त्याने नत्र जमिनीत जास्त दिवस टिकतं, पण वर फेकलेल्या युरियाचं उडणं त्याने थांबत नाही, हे माझं स्वतःच्या शेतातलं निरीक्षण.

भाताच्या खाचरात अजून एक गंमत आहे. लावणीनंतर साचलेल्या पाण्यात शेवाळ वाढतं. दिवसा उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं आणि पाण्याचा पीएच नऊच्या पुढे जातो. म्हणजे ताईंचा नवसागरातला चुनाच. दुपारी खाचर अमोनिया सोडतं आणि रात्री पीएच उतरला की थांबतं.

यावर आपल्याकडे चांगला उपाय निघालेला आहे. चारसूत्री भात लागवडीतलं चौथं सूत्र, युरिया-डीएपीच्या गोळ्या. चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या) मधोमध एक गोळी, सात ते दहा सेंटीमीटर खोल, हाताने दाबायची. मजुरी लागते, कंबर मोडते, पण नत्र चिखलात राहतं. माझ्या दहा गुंठ्यांत गेली सहा वर्षं मी हेच करतो.

---

अनुस्वार

वाचते आहे. रसायनशास्त्र दहावीनंतर सुटलं, तरी कल्हईच्या उदाहरणाने समजलं. एक प्रश्न: अमोनिया आणि तो पांढरा धूर यांचा समुद्रावरच्या ढगांशी काही संबंध आहे का? आणि समुद्र आम्लधर्मी होत चाललाय असं म्हणतात, त्याने काय होईल?

---

निळी_कुपी

धाग्यावर उशिरा आले. मी विद्यार्थिनी असताना 'सागर कन्या' या आपल्या संशोधन जहाजावर एका मोहिमेत अमोनियम मोजायचं काम केलं होतं. सड्यावरची ताईंनी हिशोब छान मांडलाय. तो आकडा प्रत्यक्षात पकडायला किती जीव काढावा लागतो ते सांगते.

पद्धत जुनीच. समुद्राच्या पाण्यात फिनॉल आणि हायपोक्लोराइट टाकायचं, अमोनियम असेल तर निळा रंग चढतो. जितकं जास्त तितका गडद. पण खुल्या समुद्रात अमोनियम इतकं कमी असतं की कुपी जवळजवळ पांढरीच राहते. मग त्या 'जवळजवळ'वर आपलं सगळं काम उभं. पहिल्या आठवड्यात माझे आकडे रोज सकाळी वर जायचे आणि दुपारी खाली यायचे. मला वाटलं समुद्रातच काहीतरी रोजचा क्रम आहे, मी उत्साहाने आलेखही काढले. चौथ्या दिवशी आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी येऊन नुसतं विचारलं, "फरशी कधी पुसतात?" सकाळी आठला, काच आणि फरशी पुसायच्या द्रावणाने. त्या द्रावणात अमोनिया होता. ते सगळे आलेख फाडून टाकावे लागले. चार दिवसांचं पाणी वाया गेलं, आणि ते ठिकाण मैलोगणती मागे राहिलं होतं.

त्यानंतर नियम झाले. प्रयोगशाळेत साबण, द्रावण, बिडी-सिगारेट काही नाही. नमुना काढताना वाऱ्याच्या तोंडाला उभं राहायचं, जहाजाची चिमणी मागे. बाटलीवर वाकून बोलायचं नाही. माणसाच्या उच्छ्वासात अब्ज रेणूंमागे अमोनियाचे शेकडो रेणू असतात. समुद्रावरच्या हवेत एकही पुरता नसतो. म्हणजे मी बाटलीवर एक सुस्कारा टाकला तरी समुद्राचा आकडा बुडाला. रात्री दोनला डेकवर, तोंडावर रुमाल बांधून, हात लांब करून मी बाटली भरत असे. वर इतके तारे, पण मान वर करायचीही भीती वाटायची.

आता अनुस्वार यांच्या पहिल्या प्रश्नाकडे. हो, थेट संबंध आहे. ताईंनी लिहिलेला डायमिथिल सल्फाइड हवेत गेला की त्याचं बऱ्याच टप्प्यांनी सल्फ्युरिक आम्ल होतं. आम्लाला अमोनिया भेटला की अमोनियम सल्फेटचे बारीक कण तयार होतात, कल्हईच्या धुरासारखेच, फक्त कितीतरी सूक्ष्म. असे कण वाढले की त्यांच्यावर ढगाचे थेंब धरतात. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 'क्लाउड' नावाच्या मोठ्या बंद टाकीत हे करून पाहिलं. २०११ मध्ये निष्कर्ष आला की हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे अमोनियाचे शंभर रेणू असले, तरी नवे कण जन्मायचा वेग शंभर ते हजार पट वाढतो. एवढ्याशा वायूला एवढी ताकद आहे, म्हणून त्या पांढऱ्या कुपीसाठी रात्र जागवायची.

आणखी एक. देवाणघेवाणीचा वेग कशावर ठरतो हेही बघण्यासारखं आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे त्याला पाण्याच्या वरच्या पातळ थरातून मार्ग काढताना वेळ लागतो. अमोनिया पाण्यात इतका सहज विरघळतो की पाण्याची त्याला अडचणच नाही. त्याची अडचण पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेच्या थराची. त्यामुळे वारा वाढला, तो थर पातळ झाला, की अमोनियाची ये-जा लगेच वाढते.

---

रेवस_बंदर

निळी_कुपी, फरशीचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. एवढ्या कष्टाने मिळवलेले आकडे आम्ही वर्तमानपत्रात एका ओळीत वाचून पुढे जातो.

---

सड्यावरची

निळी_कुपी, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचं चीज झालं. मनापासून आभार.

अनुस्वार, दुसऱ्या प्रश्नावर मी पुन्हा वही काढली. औद्योगिक काळाआधी समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच साधारण ८.२ होता, आता ८.१ च्या आसपास आहे. आकडा ०.१ एवढाच दिसतो, पण पीएचची मोजपट्टी लॉगरिदमची, एक अंक म्हणजे दहापट फरक. तेवढ्यानेच मोकळ्या अमोनियाचा भाग सुमारे वीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे आम्लता वाढली की समुद्राची मूठ आवळली जाते. उलट पाणी एका अंशाने तापलं की हवेकडचा रेटा दहा-बारा टक्क्यांनी वाढतो. दोन्ही बदलांचं मूळ एकच, आपण जाळलेला कोळसा आणि तेल, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. माझ्या हिशोबाने पीएचमधली ०.१ घट पुसून टाकायला समुद्र सुमारे दोन अंशांनी तापावा लागेल. पाण्यात एकूण अमोनियम तेवढंच राहिलं, हे गृहीत धरून. तेही बदलू शकतं, कारण आम्लता वाढली की अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचं काम मंदावतं असं प्रयोगांत दिसलंय.

वाफसादादांनी लिहिलेल्या वाऱ्यावर सोडलेल्या नत्राचा पुढचा प्रवासही सांगायला हवा. वायूरूप अमोनिया फार लांब जात नाही. काही तासांत, फार तर एखाद-दोन दिवसांत, तो पानांवर, मातीवर, पाण्यावर बसतो किंवा आम्लाला भेटून कण होतो. कण मात्र लांबचे प्रवासी. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये 'इंडोएक्स' ही हिंदी महासागरावरच्या हवेचा अभ्यास करणारी मोठी मोहीम झाली, त्यात 'सागर कन्या'ही होती. उपखंडावरून निघालेला धुरकट थर अरबी समुद्र ओलांडून पार मालदीवच्या पुढे गेलेला त्यांनी पाहिला. त्या धुरक्यात काजळी होती, धूळ होती आणि अमोनियम सल्फेटही होतं. म्हणजे इथल्या बांधावरून उडालेलं नत्र तिकडे भर समुद्रात पावसाच्या थेंबातून उतरणार.

जगाचा ताळेबंद बघितला तर २००८ च्या एका अंदाजाप्रमाणे हवेतून समुद्रावर दरवर्षी सगळ्या रूपांत मिळून ६.७ कोटी टन नत्र उतरतं, आणि त्यातलं ५.४ कोटी टन माणसामुळे. याच्या तुलनेत समुद्र स्वतः अमोनियाच्या रूपाने किती देतो, याचा १९९७ चा अंदाज ८२ लाख टनांचा होता, २०१५ मध्ये तो २० ते ५० लाख टनांवर आला. अंदाज घसरला, कारण संगणकी प्रतिमानांत पाण्यातलं अमोनियम प्रत्यक्ष मोजण्यांपेक्षा जास्त येत होतं, ते दुरुस्त केलं. आणि निळी_कुपींची फरशी आठवली की जुन्या मोजण्यांत जहाजाचा, प्रयोगशाळेचा, माणसाचा अमोनिया किती मिसळला असेल, ही शंका मला येतेच.

---

मीठगर

पक्ष्यांना विसरू नका. समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींतून दरवर्षी २.७ लाख टनांच्या आसपास अमोनिया हवेत जातो असा अंदाज आहे. जगाच्या आकड्यात ते चिमूटभर, पण जिथे दुसरं काहीच नाही तिथे तेच सगळं. अंटार्क्टिकात अर्जेंटिनाच्या माराम्बिओ संशोधन तळाजवळ २०२३ च्या उन्हाळ्यात मोजणी झाली. साठ हजार आदेली पेंग्विनांच्या वसाहतीकडून वारा आला की अमोनिया एरवीच्या हजारपटीपर्यंत चढायचा, अब्ज रेणूंमागे १३.५. पेंग्विन निघून गेल्यावरही त्यांच्या विष्ठेने भिजलेली जमीन महिनाभर अमोनिया सोडत होती.

आपल्या वेंगुर्ल्याच्या खडकांवर सुरय पक्षी घरटी करतात आणि तिथल्या गुहेत पाकोळ्यांची वस्ती आहे. एकदा होडीतून जवळ गेलो होतो. तिथला वास मात्र खराखुरा अमोनियाचा होता, ताई. डोळ्यांत पाणी आलं.

---

खाजणवाला

मी कोळंबीची तळी चालवतो, रायगडात, खाडीलगत. जात वनामेई. हा धागा दोनदा वाचला, कारण अमोनिया हा आमचा रोजचा वैरी. खाद्य जास्त पडलं, तळाशी गाळ बसला, की अमोनिया चढतो आणि कोळंबी खाणं सोडते. आम्ही किटने मोजतो, पण किट एकूण अमोनिया दाखवतं, मोकळा नाही. गेल्या वर्षी एका तळ्यात रीडिंग सकाळ-दुपार सारखंच येत होतं, म्हणून मी निर्धास्त राहिलो. चार दिवसांत कोळंबी कडेला येऊन मरायला लागली. तेव्हा कोणी नीट समजावलं नाही. वाफसादादांचं खाचराचं वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

आज सकाळी सहाला आणि दुपारी तीनला मुद्दाम मोजलं. एकूण अमोनिया दोन्ही वेळा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम. पीएच सकाळी ७.८, दुपारी ८.७. पाणी २९ अंश, खारटपणा १५. ताई, यात मोकळा किती होईल?

---

सड्यावरची

खाजणवाले दादा, लगेच करते.

सकाळी मोकळा भाग सुमारे चार टक्के, म्हणजे लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅम. दुपारी तोच चोवीस टक्क्यांवर जातो, म्हणजे ०.१२. किटचा आकडा जागेवर उभा आणि मोकळा अमोनिया सहापट. कोळंबीच्या कल्ल्यांतून आत जातो तो हाच. गेल्या वर्षी तुमचं किट खोटं बोललं नाही, त्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता.

तुमचं तळं म्हणजे धाग्यातला समुद्रच, झाकण काढून समोर ठेवलेला. दुपारी ते हवेला देतं, पहाटे घट्ट धरून ठेवतं. एकूण किती हे महत्त्वाचं आहेच, पण यापुढे पीएच न बघता अमोनियाचा आकडा वहीत लिहू नका. दोन्ही शेजारी शेजारी लिहा, आणि मोजायची वेळ दुपारी तीनची ठेवा. सगळ्यात वाईट तास तोच.

---

वाफसा

दादा, पाण्याचा रंग गडद हिरवा आहे का? असेल तर शेवाळ जास्त आहे आणि तेच पीएच चढवतंय. खाचरात मी पाणी बदलतो. तुमच्याकडे भरतीचं पाणी घेता येतं, ते बघा.

---

निळी_कुपी

आणि दुपारी वारा असेल तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवा. मोकळा अमोनिया पाण्यातून सुटायची तीच वेळ. पण तेवढ्यावर विसंबू नका, तळ्यातला मोठा वाटा जिवाणूच संपवतात. त्यांना काम करायला प्राणवायू लागतो, म्हणून रात्रीही एरेटर बंद करू नका. जिवाणूंचं खाद्य म्हणून गूळ घालत असाल तर सकाळी घाला, थोडा थोडा.

---

खाजणवाला

रंग गडद हिरवाच आहे. संध्याकाळचं खाद्य निम्मं केलं. परवा अमावस्या, उधाणाचं पाणी चांगलं येईल, तेव्हा तळ्याच्या दाराच्या फळ्या काढून वरचं एक फूट पाणी बदलतो. सकाळचा गूळ दहा किलो ठरवलाय, तळं एक एकराचं.

वहीत आजपासून दोन रकाने केले. दुपारी तीनचे आकडे रोज इथे टाकत जाईन.